गायीला ड्रायर का मारतात? अमेरिकेतल्या ‘शो’च्या कालवडींमागची खरी गोष्ट

फेसबुक-इन्स्टाग्रामवर हा व्हिडिओ तुमच्याही समोर आला असेल. एक काळीभोर कालवड लोखंडी खोड्यात शांत उभी आहे. बारा-तेरा वर्षांची मुलगी तिला शाम्पू लावतेय, मग मोठ्या ब्लोअरने तिचे केस वाळवतेय, कंगव्याने केस वरच्या दिशेने फुलवतेय आणि शेवटी हेअरस्प्रे मारतेय. खाली कमेंटचा पाऊस. ‘हिचं स्किनकेअर माझ्यापेक्षा भारी.’ ‘यांना दुसरी कामं नाहीत का?’

२०१३ साली तर अशा जनावरांचे फोटो जगभर व्हायरल झाले. टेडी बेअरसारखी दिसणारी ही गायीची कुठली नवी जात आहे, असं लोक विचारत होते. जात नवी नव्हतीच. शोसाठी तयार केलेली ती नेहमीचीच जनावरं होती.

पण हे सगळं करतात कशासाठी? एका जनावरावर वर्ष-दीड वर्ष घालवून मिळतं काय? आणि यातून गायीचं भलं होतं की नुकसान? जरा सविस्तर समजून घेऊ.

आधी हे बघा, कालवडच का?

जी मादी अजून एकदाही व्यालेली नाही ती कालवड. व्याली की ती गाय. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये कालवडींचे दोन वेगळे शो असतात. एक दुधाच्या जातींचा, म्हणजे होल्स्टीन, जर्सी, ब्राऊन स्विस वगैरे. दुसरा मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जातींचा, म्हणजे अँगस, हेरफर्ड, शॉर्टहॉर्न वगैरे. व्हायरल होणारे केसाळ फोटो बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारातले असतात.

याच जत्रांमध्ये खच्ची केलेल्या गोऱ्ह्यांचाही शो असतो. त्यांना ‘स्टीअर’ म्हणतात. फरक इथेच आहे. स्टीअरचा शो संपला की त्याचा लिलाव होतो आणि बहुतेक वेळा तो थेट कत्तलखान्यात जातो. वर्षभर ज्याला रोज चारा घातला, त्याला निरोप देताना रडणाऱ्या मुलांचे व्हिडिओही तुम्ही पाहिले असतील.

कालवड मात्र घरी परत येते. पुढच्या वर्षी ती गाभण राहते, त्याच्या पुढच्या वर्षी विते. तिला कालवड झाली तर ती पुन्हा शोमध्ये उतरते. आठव्या-नवव्या वर्षी एका कालवडीपासून सुरुवात केलेल्या मुलाकडे अठराव्या वर्षापर्यंत स्वतःच्या नावावर पाच-सहा जनावरांचा छोटा गोठा उभा राहू शकतो. अनेकांच्या कॉलेजच्या फीचा काही भाग यातून निघतो.

म्हणून स्टीअर हा एका वर्षाचा प्रकल्प आणि कालवड ही बरीच वर्षं चालणारी गुंतवणूक, असा हिशोब तिकडच्या घरांमध्ये केला जातो.

हे सुरू कुठून झालं?

अमेरिकेतल्या कृषी जत्रेचं श्रेय दिलं जातं एल्काना वॉटसन या माणसाला. मॅसॅच्युसेट्समधल्या पिट्सफिल्ड गावात त्याने १८०७ साली चौकात दोन मेरिनो मेंढ्या आणून बांधल्या. त्या बघायला गर्दी लोटली. दोन मेंढ्यांसाठी एवढे लोक येत असतील तर पूर्ण प्रदर्शन भरवलं तर किती येतील, असा विचार त्याने केला. १८१० साली त्याने गुराढोरांचं प्रदर्शन भरवलं आणि १८११ साली बर्कशायर कृषी संस्था उभी राहिली. चांगलं जनावर आणा, शेजाऱ्यांना दाखवा, बक्षीस घ्या. शेजारी बघून शिकतील, अशी ती कल्पना होती.

मुलं यात आली शंभरेक वर्षांनी. त्या काळी विद्यापीठांमध्ये नवीन बियाणं, नवीन पद्धती तयार होत होत्या, पण शेतकरी त्या वापरायला तयार नव्हते. ‘पुस्तक वाचून शेती होत नसते’ हे वाक्य फक्त आपल्याकडचंच नाही! मग लक्षात आलं की बापाला सांगून उपयोग नसला तरी पोरगं ऐकतं. पोराने घरामागच्या तुकड्यात जास्त मका काढून दाखवला की बापही बघायला येतो.

१९०२ साली ओहायोमधल्या क्लार्क काउंटीत ए. बी. ग्रॅहम या शिक्षकाने मुलांचा शेती क्लब सुरू केला. पुढे फोर-एच नावाने देशभर पसरलेल्या चळवळीची सुरुवात इथून मानली जाते. डोकं, हृदय, हात आणि आरोग्य या चारही शब्दांचं इंग्रजीतलं पहिलं अक्षर ‘एच’, म्हणून फोर-एच. १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी विस्तार सेवा उभी राहिली आणि या क्लबांना सरकारी पाठबळ मिळालं. १९२८ मध्ये शाळेत शेती शिकणाऱ्या मुलांची एफएफए ही संघटना आली. तिने मुलींना सदस्यत्व द्यायला मात्र १९६९ साल उजाडलं.

आज कालवड घेऊन रिंगणात उतरणारी बहुतेक मुलं या दोनपैकी एका संघटनेची असतात. ज्यांच्या घरी गोठा नाही अशा शहरातल्या मुलांना शेतकऱ्याची कालवड काही महिन्यांसाठी ‘लीज’वर घेण्याचीही सोय बऱ्याच ठिकाणी आहे. पण नियम एकच, ठरलेल्या तारखेच्या आत जनावराची नोंद झाली पाहिजे. शोच्या आदल्या दिवशी तयार कालवड विकत आणून चालत नाही.

खेळ सुरू होतो जन्मतारखेपासून

दुधाच्या जातींच्या शोमध्ये कालवडींचे गट वयावर पडतात. त्यासाठी वर्षाचे चार भाग केलेले आहेत. १ मार्च, १ जून, १ सप्टेंबर आणि १ डिसेंबर या त्या चार तारखा.

समजा एक कालवड २ सप्टेंबरला जन्मली आणि दुसरी २८ नोव्हेंबरला. दोघी एकाच गटात. पण पहिली दुसरीपेक्षा जवळपास तीन महिन्यांनी मोठी. चांगली सांभाळलेली होल्स्टीन कालवड दिवसाला साधारण ८०० ग्रॅम वाढते. म्हणजे दोघींमध्ये सुमारे ७० किलोचा फरक. शेजारी शेजारी उभ्या केल्या तर नजर कुठे जाणार?

त्यामुळे शोची तयारी कालवड जन्मण्याच्याही आधी होते. गायीचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा. १ सप्टेंबरच्या लगेच नंतर वासरू हवं असेल तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रेतन करावं लागतं. कालवडच व्हावी म्हणून लिंगनिश्चित रेतमात्रा वापरतात, ज्यात मादी वासराची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते. यात जोखीमही आहे. गाय ३० ऑगस्टलाच व्याली, तर तेच वासरू आधीच्या गटातलं सगळ्यात लहान ठरतं. दोन दिवसांनी गणित उलटं होतं.

खुराक : इथे खरी परीक्षा आहे

होल्स्टीनचं वासरू जन्मतः साधारण ४० किलोचं असतं. ते १३ ते १५ महिन्यांचं होईपर्यंत पूर्ण वाढलेल्या गायीच्या ५५ टक्के वजनाला पोहोचावं आणि तेव्हा त्याचं रेतन व्हावं, असं तिकडे शिकवतात. मग ती कालवड २२ ते २४ महिन्यांची असताना विते.

जत्रेत मात्र मोह वेगळा असतो. गुबगुबीत जनावर बघायला छान दिसतं. घरचे म्हणतात, घाल अजून थोडा मका. नुकसान होतं ते इथे.

साधारण तिसऱ्या ते नवव्या-दहाव्या महिन्यात कालवडीची कास आतून झपाट्याने तयार होत असते. बाहेरून काही दिसत नाही, पण दूध बनवणाऱ्या ग्रंथींचं जाळं याच काळात पसरतं. या वेळी ऊर्जा जास्त आणि प्रथिनं कमी असलेला खुराक देऊन तिला फुगवलं, तर कासेत ग्रंथींच्या जागी चरबी साठू शकते. त्याचा फटका बसतो दीड-दोन वर्षांनी, जेव्हा ती विते आणि अपेक्षेपेक्षा कमी दूध देते. मांसाच्या जातींमध्येही अती लठ्ठ कालवडीला गाभ राहायला आणि विताना त्रास होऊ शकतो.

म्हणजे आज रिंगणात पहिला नंबर आणणारा खुराक उद्या गोठ्यात तोट्याचा ठरू शकतो. दुधाच्या शोमधले चांगले परीक्षक म्हणूनच चरबी चढलेल्या कालवडीला मागे ठेवतात. त्यांना हवी असते लांब, उंच, रुंद छातीची आणि मोकळ्या फासळ्यांची कालवड. भरपूर वैरण पचवणारं पोट आणि हाडावर साठवलेली चरबी यातला फरक ओळखणं हे त्यांचं काम.

शोच्या दिवशी पोट भरलेलं आणि खोल दिसावं म्हणून सकाळी चांगलं सुकं गवत आणि साखर कारखान्यातून येणारा बीटाचा चोथा भिजवून देतात. जनावर आपणहून खातं तोवर ठीक. नळी घालून जबरदस्तीने पोट भरणं गैर मानलं जातं.

वेसण नाही, मग ऐकते कशी?

आपल्याकडे बैलाला वेसण असते. शोच्या कालवडीला मात्र फक्त म्होरकी घालतात. चार-पाचशे किलोचं जनावर आणि टोकाला पस्तीस-चाळीस किलोचं पोर. ताकदीने हे होणं शक्यच नाही.

म्हणून सवय लहानपणापासून लावतात. पहिले काही दिवस म्होरकी घालून ठरावीक वेळ बांधून ठेवायचं. जवळ बसायचं, खरारा करायचा. दोरीचा ताण आला की थांबायचं आणि पाऊल टाकलं की ताण सुटतो, हे कालवडीला कळलं की अर्धं काम झालं. मग पाण्यापर्यंत चालवत न्यायचं, कारण पाण्याकडे ती आपणहून जाते. पुढे रेडिओ लावून, गाड्यांच्या आवाजात, अनोळखी माणसं आणि कुत्री आसपास असताना चालवायचं. जत्रेत लाऊडस्पीकर असतो, पाळणे असतात, गर्दी असते. तिथे कालवड उधळली तर पोराला फरफटत नेते, असे अपघात होतात. म्हणूनच दोरी हाताला किंवा मनगटाला गुंडाळायची नाही, हा पहिला धडा असतो.

मांसाच्या जातींच्या शोमध्ये मुलांच्या हातात एक लांब काठी असते. ती मारायला नसते. तिच्या टोकाच्या आकड्याने पाय पुढे-मागे सरकवायचे आणि पोटाखाली हळूच खाजवायचं. खाजवलं की कालवड शांत उभी राहते.

आणि आता ते केस

मुद्द्यावर येऊ. ड्रायर का?

मांसाच्या जातींमध्ये परीक्षक स्नायू आणि शरीराची ठेवण बघतो. दाट केस असले की कुशल हात त्यांना कातरून, फुलवून जनावराचे पाय भरदार आणि पाठ सपाट दाखवू शकतो. म्हणून महिनोन्महिने केस वाढवतात. थंडीत केस वाढतात, उन्हाळ्यात गळतात. जत्रा मात्र बऱ्याचदा भर उन्हाळ्यात. मग उपाय काय? रोज गार पाण्याने धुवायचं, ब्लोअरने वाळवायचं आणि केस वर-पुढे विंचरायचे. काही जण दिवसा पंखे किंवा एसी लावलेल्या खोलीत कालवडी बांधतात आणि रात्री मोकळ्या सोडतात.

दुधाच्या जातींमध्ये नेमकं उलटं. तिथे अंगावरचे केस बारीक कातरतात, म्हणजे फासळ्या, कातडीचा पातळपणा, हाडांची रेखीव ठेवण दिसते. फक्त पाठीच्या कण्यावरचे केस ठेवतात. ते ब्लोअरने उभे करून, हेअरस्प्रे मारून, वरून सरळ रेषेत कापतात. पाठ पट्टीने आखल्यासारखी दिसते.

म्हणजे मेकअपच की! काही प्रमाणात हो. पण परीक्षकालाही हे माहीत असतं. म्हणून मांसाच्या जातीत तो हात लावून चाचपतो आणि दुधाच्या जातीत चालताना पाय कसे पडतात ते बघतो. चाल हेअरस्प्रेने बदलत नाही. खूर साळायचं काम मात्र शोच्या बऱ्याच आधी उरकतात, कारण नुकतेच साळलेले खूर दुखत असले तर कालवड लंगडते.

रिंगणात नेमकं काय होतं?

दुधाच्या जातींच्या शोमध्ये मुलं पांढरी पँट आणि पांढरा शर्ट घालतात. कालवडीच्या डाव्या बाजूला राहून तिला संथपणे गोल चालवतात. बऱ्याचदा मुलं उलटी चालतात, कारण एक नजर कालवडीवर आणि एक परीक्षकावर ठेवायची असते. थांबवलं की परीक्षकाच्या बाजूचा मागचा पाय जरा मागे ठेवतात, म्हणजे त्याला दोन्ही पाय दिसतात.

व्यालेल्या गायींच्या गुणपत्रिकेत १०० पैकी ४० गुण एकट्या कासेला असतात. कालवडीला कासच तयार नसते. मग परीक्षक काय बघणार? उंची, लांबी, छातीची रुंदी, पुठ्ठ्याचा उतार, पाय-खूर आणि एकूण दुधाळ ठेवण. म्हणजेच पुढे ती कशी गाय होईल याचा अंदाज. आणि अंदाज चुकतोही. लहानपणी पहिली आलेली कालवड पुढे सर्वोत्तम गाय होतेच असं नाही.

नंबर लावून झाले की परीक्षक माइक हातात घेऊन कारणं सांगतो. ‘पहिली दुसरीच्या पुढे ठेवली कारण तिच्या फासळ्या जास्त मोकळ्या आहेत आणि ती मागच्या पायांवर सरळ चालते.’ सगळ्यांसमोर, कारणांसह. वॉटसनची ‘बघून शिका’ ही कल्पना इथे अजून जिवंत आहे.

यासोबत एक वेगळी स्पर्धा असते, ती मुलांची. इथे कालवड कशी आहे याला महत्त्व नाही. तू तिला किती चांगलं सांभाळतोस, याला गुण. परीक्षक येतो आणि विचारतो : जन्मतारीख काय? बाप कोण? काय खायला घालतोस? हिच्यात दोष काय आहे? शेवटच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर देणारं पोर पुढे जातं. कधी कधी दोन मुलांना एकमेकांच्या कालवडी अदलाबदल करायला लावतात. अनोळखी जनावर कोण शांतपणे हाताळतं, ते लगेच कळतं. त्यामुळे साध्या गोठ्यातली, साधी कालवड घेऊन आलेलं मूलही इथे जिंकू शकतं.

अमेरिकेत पहिल्या नंबरची रिबन निळी असते आणि दुसऱ्या नंबरची लाल. शेजारच्या कॅनडात पहिली लाल! फोटो बघून कोण जिंकलं ठरवताना हे लक्षात ठेवा.

बक्षीस आलं की लबाडीही येते

मोठ्या जत्रांमध्ये विजेत्या जनावरांच्या लिलावात मोठी रक्कम मिळते. नामांकित वंशाच्या कालवडी आणि त्यांचे भ्रूणही महागात विकले जातात. पैसा आला की मोठ्यांचा रस वाढतो. काही घरांत कालवड मुलाच्या नावावर असते, पण केस कातरणारा, खुराक ठरवणारा माणूस पगारी असतो. पोर फक्त रिंगणात दोरी धरतं.

१९९४ साली ओहायोच्या राज्य जत्रेत तर मोठाच घोटाळा उघड झाला. अव्वल आलेल्या जनावरांमध्ये स्नायू वाढवणारं, बंदी असलेलं क्लेनब्युटेरॉल हे औषध आणि इतर छेडछाड सापडली. बक्षिसं काढून घेतली गेली आणि राज्याने कायदा कडक केला. त्यानंतर मोठ्या शोमध्ये लघवी-रक्ताच्या चाचण्या नेहमीच्या झाल्या. दुधाच्या जातींच्या शोमध्ये कातडीखाली काही टोचणं, कासेत हवा भरणं, खोटे केस चिकटवणं यावर बंदी आहे. अनेक राज्यांत मुलांना शोआधी जनावरांच्या काळजीचं आणि नीतीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

रिंगणाने जनावरच बदललं

यापेक्षाही मोठं नुकसान कुठल्याही लबाडीशिवाय झालं होतं.

१९४० ते १९५० च्या दशकांत अमेरिकेतल्या मांसाच्या शोमध्ये बुटक्या, गोलमटोल, जमिनीलगतच्या जनावरांची फॅशन आली. परीक्षक त्यांना पहिला नंबर देऊ लागले. मग लोक तसेच वळू वापरू लागले. या निवडीतून बुटकेपणाचा एक सुप्त जनुकीय दोष हेरफर्ड आणि अँगस जातींमध्ये पसरला. काही गोठ्यांत खुजी, फुगलेल्या पोटाची, घोरल्यासारखा श्वास घेणारी वासरं जन्माला येऊ लागली. बरीच फार काळ जगत नसत. आई-बाप दिसायला बक्षीसपात्र, वासरू मात्र खुजं. अनेक पैदासकार यात बुडाले आणि नावाजलेल्या वंशावळी बाद झाल्या.

मग लंबक दुसरीकडे गेला. १९७० आणि १९८० च्या दशकांत उंचच उंच जनावरं जिंकू लागली. ती इतकी मोठी झाली की त्यांना चारा परवडेना. त्यानंतर मध्यम आकाराकडे परतणं सुरू झालं.

सांगायचं हे की रिंगणातला एक निर्णय त्या दिवसापुरता राहत नाही. जिंकलेल्या वंशाचे वळू वापरले जातात, त्यांचं वीर्य दूर दूर जातं आणि दहा वर्षांनी पूर्ण जातीवर त्याची छाप दिसते.

एका जागी हजार जनावरं, म्हणजे रोगही

वेगवेगळ्या गोठ्यांतली जनावरं एका छताखाली आली की रोगाला आमंत्रण. म्हणून पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अंगावर नायट्याचे चट्टे असतील तर दारातूनच परत पाठवतात. कालवडींमध्ये तो सहज पसरतो आणि माणसांनाही होतो.

मार्च २०२४ मध्ये टेक्सास आणि कॅन्ससमधल्या दुभत्या गायींमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू सापडला. हा विषाणू मुख्यतः कासेत आणि दुधात आढळत होता. त्या वर्षीच्या जत्रांवर लगेच परिणाम झाला. मिनेसोटासारख्या राज्यांनी दुभत्या गायींना चाचणी सक्तीची केली. मिशिगनने काही काळ दुभत्या गायी प्रदर्शनात आणायलाच मनाई केली. दूध न देणाऱ्या कालवडींवर तुलनेने कमी निर्बंध होते.

आपल्याकडेही २०२२ मध्ये लम्पी पसरला तेव्हा महाराष्ट्रात गुरांचे बाजार, शर्यती आणि प्रदर्शनं बंद ठेवावी लागली होती. कारण तेच.

याचा आपल्याशी काय संबंध?

संबंध आपल्या गोठ्यातच आहे. गावाकडे जिला सरसकट ‘जर्सी’ म्हणतात, ती बहुतेक वेळा होल्स्टीन किंवा जर्सीची संकरित गाय असते. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला सुरू केलेल्या बाएफ संस्थेने आणि सरकारी योजनांनी कृत्रिम रेतनातून हे संकर गावागावांत पोहोचवले.

पण कालवडीकडे आपलं लक्ष कमीच असतं. दूध देत नाही, मग चारा घालून काय मिळणार, असा हिशोब होतो. परिणामी आपली संकरित कालवड पहिल्यांदा विते तेव्हा बऱ्याचदा अडीच-तीन वर्षांची असते. ती जेवढी उशिरा विते, तेवढे महिने तिचा खर्च बिनदुधाचा.

अमेरिकन मुलांकडून ब्लोअर नको, पण एक सवय जरूर घ्यावी. ती म्हणजे मोजणी. फोर-एचच्या प्रत्येक मुलाला वही ठेवावी लागते. त्यात जन्म, वजन, खुराक, औषध आणि खर्च असं सगळं लिहावं लागतं. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोमध्ये येतं.

उदाहरणार्थ, घेर ५५ इंच आणि लांबी ४५ इंच असेल तर वजन अंदाजे २०६ किलो. तीस दिवसांनी घेर ५७ आणि लांबी ४६ झाली तर अंदाजे २२६ किलो. म्हणजे दिवसाला सुमारे ६७० ग्रॅम वाढ. हा आकडा अंदाजाचाच असतो, पण दर महिन्याला वहीत लिहिला की वाढ कुठल्या महिन्यात अडली ते समजतं. ती का अडली, जंतांमुळे की चाऱ्यामुळे, हे मग वेळेत शोधता येतं.

दुसरी गोष्ट लसीची. सांसर्गिक गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेलोसिसची लस मादी वासराला ४ ते ८ महिन्यांच्या वयातच द्यायची असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती दिली जाते. वय उलटलं की संधी गेली.

आता त्या व्हिडिओकडे पुन्हा बघताना

सध्या अमेरिकेत कालवडींना चांगलाच भाव आहे. बरेच दूध उत्पादक आपल्या गायींना मांसाच्या जातीच्या वळूचं रेतन करू लागल्यामुळे दुधाच्या कालवडी कमी जन्मतात. २०२५ च्या सुरुवातीला तिथल्या सरकारी मोजणीत दुधाच्या गोठ्यांसाठी वाढवल्या जाणाऱ्या कालवडींची संख्या ३९ लाखांच्या आसपास आली. १९७८ नंतरचा हा सगळ्यात कमी आकडा. त्यामुळे पोराच्या हातातली ती दोरी आता बऱ्यापैकी महागाची आहे.

शो संपतो. हेअरस्प्रे धुतला जातो, निळी रिबन गोठ्यातल्या खिळ्याला अडकते. त्यानंतर कालवडीला वर्षभरात गाभण राहायचं असतं, वेळेवर वियायचं असतं, दूध द्यायचं असतं. परीक्षकाने मारलेला अंदाज बरोबर होता की नाही, हे पहिल्या वेतात दुधाच्या बादलीत कळतं.